विकास अर्थशास्त्राचं राष्ट्रीय जाळं: पहिली गाठ कुठे मारायची?

मोहोळकर
मंडळी, नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. परवा एका ज्येष्ठ सरांचा फोन आला. देशभरातल्या विकास अर्थशास्त्रज्ञांचं एक संशोधन-जाळं उभं करायचं घाटतंय. "ग्रामीण कॉलेजांच्या बाजूने दोन पानं लिहून दे," म्हणाले. हो म्हणून बसलो आणि आता पहिली ओळ सुचत नाहीये.

या विषयाशी माझी एक जुनी खाजगी लाज चिकटलेली आहे. पीएचडीच्या वेळी एका गाजलेल्या इंग्रजी निबंधात 'शिरापूर' हे नाव वाचलं. म्हटलं असेल कुठलं तरी शिरापूर. खोलात गेलो तर सोलापूर जिल्हा, तालुका मोहोळ! इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती-संशोधन संस्थेने १९७५ साली पाहणीसाठी सहा गावं घेतली होती. आमचं शिरापूर आणि कळमण, अकोल्याकडची कान्झरा आणि किनखेड, आणि तेव्हाच्या आंध्रातली औरेपल्ली व दोकूर. गावागणिक ४० कुटुंबं, त्यात ३० शेतकऱ्यांची आणि १० मजुरांची. माहिती घेणारी माणसं गावातच राहायला असत आणि वर्षानुवर्षं त्याच घरांत जात. एखाद्याचं पीक बुडालं तर त्याच्या ताटातलं किती कमी होतं, की भावकी-शेजारपाजार सावरून घेतात, या प्रश्नाचा छडा अमेरिकेत बसून लावला गेला तो याच आकड्यांवर. मी त्या भागातून एसटीने शेकडो वेळा गेलोय. मला पत्ताच नव्हता. कॉलेजातल्या कुणालाही नव्हता.

तर प्रश्न असा: जाळं विणायचंच असेल तर पहिली गाठ कशाची? वेबसाइट, वार्षिक अधिवेशन, निधी, विदा, की आणखी काही? सरांना महिनाअखेर पानं द्यायची आहेत.

चहाबाज
दोन अर्थतज्ज्ञ, तीन मतं. देशभरातले एकत्र आणलेत तर मोजणीला निवडणूक आयोग बोलवावा लागेल.
(चहा ठेवतो. धागा शंभरी गाठणार.)

जुनीपेठ
मोहोळकर सर, जाळं नाहीच असं समजून लिहायला बसू नका. धागे आहेत, सैल पडलेत.

पुण्याची गोखले संस्था १९३० ची. साताऱ्याच्या रावबहादुर काळ्यांची देणगी, भारत सेवक समाजाचा आधार आणि धनंजयराव गाडगीळ. कृषी अर्थशास्त्रज्ञांची सोसायटी मुंबईत १९३९ पासून आहे. पुढे व्हीकेआरव्ही राव समितीने शिफारस केली आणि १९६९ साली आयसीएसएसआर, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष गाडगीळच, आणि सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक. संशोधन फक्त दिल्लीत होऊ नये, राज्याराज्यांत संस्था असाव्यात, हा विचार त्या काळात रुजला. तिरुअनंतपुरमला के. एन. राज, चेन्नईला आदिशेषय्या, बंगलोरला राव स्वतः, हे सगळं १९७१-७२ च्या आतबाहेर झालं.

गोखले संस्थेच्या दांडेकर-रथांचं १९७१ चं दारिद्र्यावरचं काम आठवा. माणशी २,२५० उष्मांक मिळतील एवढा खर्च धरला, १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात महिन्याला १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे तक्ते हाताशी होते म्हणून पुण्यात बसून देशाचा प्रश्न मांडता आला. जाळं म्हणतात ते हेच: कुणी तरी मोजतं, दुसरंच कुणी त्यावर डोकं चालवतं.

राहिलं काय, तर मोठ्या संस्थेपासून तालुक्याच्या कॉलेजपर्यंतचं शेवटचं अंतर. तिथपर्यंत कुणी दोरा ओढलाच नाही.

विदावेडी
जुनीपेठ काकांना +१. पण 'तक्ते हाताशी' हे फार सोपं वाटतं ऐकायला.

पूर्वी नमुना पाहणीचा घटकस्तरीय, म्हणजे एकेका घराचा, विदा पैसे भरून सीडीवर घ्यावा लागे. आता फुकट उतरवता येतो. पण उतरवल्यावर काय दिसतं? अंकांची एक न संपणारी भिंत. सोबत एक तक्ता, की अमुक ओळीतला पंधरावा ते सतरावा अंक म्हणजे अमुक रकाना. एक घर चुकलं की उसाच्या जागी साखर वाचली जाते. मग गुणक लावायचे, म्हणजे नमुन्यातलं एक घर किती घरांच्या जागी धरायचं तो आकडा, नाहीतर नमुन्यातली दहा घरं ही फक्त दहा घरंच राहतात. हे मी एकटीने शिकले, दोन उन्हाळे घालवून. नंतर कळलं की नागपूरची एक मुलगी अगदी हेच त्याच उन्हाळ्यात करत होती.

म्हणून माझं मत: पहिली गाठ साफ केलेला विदा आणि तो साफ करायच्या आज्ञावली, सगळ्यांना खुल्या. अधिवेशन वगैरे नंतर.

खडूस
'विदा' म्हणणं बंद करा हो. 'विदा दो' म्हणतेय असं वाटतं. डेटा म्हणा, सगळ्यांना कळतं.

विदावेडी
@खडूस, दोन उन्हाळे खाल्लेत त्याने माझे. मी त्याला हवं ते म्हणेन.

जुनीपेठ
आमच्या वेळी 'आकडेवारी' म्हणत. तेव्हाही कामं होत.

चेन्नईकर_मी
इकडचा एक जुना किस्सा. गिल्बर्ट स्लेटर मद्रास विद्यापीठात अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून आले. १९१६ साली त्यांनी विद्यार्थ्यांना सांगितलं, सुट्टीत घरी जाताय ना, मग येताना आपापल्या गावाची पाहणी करून आणा. काही गावांच्या पाहण्या छापल्या गेल्या. इरुवेलपट्टू हे त्यातलं एक. तीच गावं १९३७ साली पुन्हा पाहिली, मग साठच्या दशकात, मग ऐंशीच्या. शंभर वर्षांत त्या गावाचं काय काय बदललं ते सांगता येतं, कारण कुणा एका पोराने पहिल्यांदा घरं मोजून ठेवली होती. ना वेबसाइट, ना निधी.

उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादजवळच्या पालनपूरचंही असंच. १९५७-५८ पासून दर दशकात कुणी ना कुणी तिथे जातंच.

सौदागरवासी
चेन्नईला कशाला जाताय! हॅरॉल्ड मॅन, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी पिंपळे सौदागरची पाहणी करून १९१७ साली प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये सरासरी धारणक्षेत्र ४० एकर, त्यांच्या वेळी ७ एकर. तुकडीकरणावर बोलताना वर्गात अजून हेच आकडे सांगतात.

आज त्याच गावात माझं धारणक्षेत्र सहाव्या मजल्यावर ६४० चौरस फूट, कार्पेट. मॅनसाहेब आज आले असते तर वॉचमनने गेटवरच ॲपवरून परवानगी मागितली असती.

चहाबाज
'सर्व्हे चालू आहे' म्हटल्यावर सोसायटीवाले म्हणाले असते, आम्ही ऑलरेडी गिव्हन.

नैरोबीची_नीमा
नोकरीनिमित्त नैरोबीत आहे, म्हणून इथलं सांगते. एक आफ्रिकी आर्थिक संशोधन संघ आहे, १९८८ पासून. वर्षातून दोनदा संशोधन-कार्यशाळा असते. छोटं अनुदान घेतलेला माणूस आधी प्रस्ताव मांडतो, पुढे अर्धवट काम घेऊन येतो, आणि मग पुरं झालेलं. दरवेळी जाणती माणसं समोर बसून सोलून काढतात. इथल्या एका सहकाऱ्याच्या शब्दांत, "पहिल्यांदा घाम येतो, तिसऱ्यांदा निबंध येतो."

आणखी एक. १९९३ पासून अनेक विद्यापीठांचा मिळून एक एमए चालतो. एकेका विद्यापीठाकडे सगळे वैकल्पिक विषय शिकवायला माणसं नसतात, मग ती सगळी मुलं काही महिने एका ठिकाणी आणून शिकवतात. त्या महिन्यांत वसतिगृहात झालेली ओळख पुढे वीस वर्षं पुरते. मला विचाराल तर खरं जाळं ते. बाकी सगळं छापील चिठ्ठ्या.

तेव्हा सर, पहिली गाठ म्हणून मी 'अर्धवट काम दाखवायची जागा' हे लिहीन. आपल्याकडे चर्चासत्रात सगळे पुरं झालेलंच वाचतात.

खडूस
पुरं झालेलं? ताई, भोळ्या आहात. चर्चासत्रात प्रमाणपत्र वाटलं जातं. निबंध कुणी वाचत नाही, वाचणाराही नाही. दहा मिनिटांत आठ जण, मग जेवण, मग फोटो.

आता मुद्द्याचं. मी एका मोठ्या संस्थेच्या प्रकल्पात काम केलंय, नाव घेत नाही. बाराशे फॉर्म आम्ही चार कॉलेजच्या मास्तरांनी भरून दिले. पावसात. दर फॉर्ममागे पैसे मिळाले, नाही म्हणत नाही. अहवाल आला तेव्हा आभारात लिहिलं होतं, 'स्थानिक सहकार्य'. भरलेले फॉर्म परत मागितले, माझ्या दोन मुलांना एमफिलला वापरायचे होते, तर 'धोरणात बसत नाही'. तुमच्या राष्ट्रीय जाळ्यात आम्ही गाठी असणार की नुसते मासे, एवढं आधी लिहून घ्या. मग वेबसाइट काढा नाहीतर अधिवेशन भरवा.

जुनीपेठ
खडूस म्हणतात त्यात तथ्य आहे. माशांचं वाक्य सरांनी पानात घालावं.

प्रयोगशील
सगळे पाहण्यांवरच का अडलेत? २०१९ चं नोबेल ज्या प्रयोगपद्धतीला मिळालं तिचं एक सुरुवातीचं गाजलेलं काम मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांतलं, प्रथम संस्थेच्या बालसखींचं, म्हणजे मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवणाऱ्या तरुणींचं. कोणत्या मुलांना बालसखी मिळाली की फरक पडतो, हे वर्ग वाटून तपासलं. जाळ्याने असे प्रयोग एकाच वेळी दहा राज्यांत करावेत.

खडूस
आधी एका तालुक्यात वीज असताना प्रिंटर चालवून दाखवा.

साक्षेपी
एक वेगळी बाजू. घरखर्चाची २०१७-१८ ची पाहणी सरकारने प्रसिद्धच केली नाही. २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ ची आली. मधल्या अकरा वर्षांत देशात गरिबी किती, यावर जो तो आपापल्या पद्धतीने अंदाज बांधत होता. २०१९ मध्ये १०८ अर्थशास्त्रज्ञ आणि समाजशास्त्रज्ञांनी आकडेवारीत होणाऱ्या हस्तक्षेपाबद्दल जाहीर निवेदन काढलं होतं, पण ती सगळी नावाजलेली माणसं. गावोगावच्या हजार मास्तरांकडे स्वतःच्या शंभर गावांचे आकडे असते तर? सरकारी आकडा येवो न येवो, ताडून बघायला काहीतरी असतं.

मोहोळकर
सगळ्यांचं वाचतोय. साक्षेपींचं 'शंभर गावं' आणि चेन्नईकरांचं 'सुट्टीत घरी जाणारी मुलं' डोक्यात घोळतंय. एनएसएसच्या मुलांकडून हे होईल का?

विदावेडी
एनएसएसकडे मुलं कुठून आली? त्यांचे तर पगारी अन्वेषक असतात.

मोहोळकर
अहो ती नमुना पाहणीवाली नव्हे! राष्ट्रीय सेवा योजना. आमच्याकडे एनएसएस म्हणजे टोपी, श्रमदान, प्रभातफेरी आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. गंमत म्हणजे तीही १९६९ चीच, आयसीएसएसआरच्या वयाची.

चहाबाज
धाग्यातला सर्वोत्तम गोंधळ. दोन्ही एनएसएसचं लग्न लावून द्या. मंगलाष्टकं विदावेडीताई म्हणतील.

विदावेडी
हसता हसता विचार केला तर वाईट नाही. दत्तक गाव तर असतंच. सात दिवस पन्नासेक मुलं गावातच राहायला. दरवर्षी तिथे नाली खणतात आणि पुढच्या वर्षी तीच पुन्हा खणतात. त्याऐवजी दोन दिवस प्रत्येक घराची एक पानाची पाहणी, पाच वर्षांनी पुन्हा तीच घरं. कार्यक्रम अधिकारी, बस, भात-आमटी सगळं आधीच मंजूर!

फिरस्ती
मी पाहणीच्या कामात नऊ वर्षं गावं फिरले आहे, म्हणून थोडं पाणी ओतते.

एक. 'कुटुंब' म्हणजे काय हे मुलांना आधी शिकवा. पाहणीत कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारे. रेशनकार्डं तीन, घरपट्टीचा उतारा एक, चुली दोन, असं सर्रास असतं. मी दारात पहिला प्रश्न विचारायचे, "वहिनी, भाकरी किती जणांच्या टाकता?" त्या उत्तरात सगळं येतं.

दोन. आपल्याच गावच्या पोराला लोक कर्ज सांगत नाहीत. सोसायटीचं सांगतील, सावकाराचं नाही. "तुझ्या बापाला सांगशील" हे मी ऐकलंय. दुसऱ्या तालुक्याच्या मुलांना पाठवा. मोहोळची मुलं बीडला, बीडची मोहोळला.

तीन. माहिती कशाला घेताय ते सांगून आधी हो म्हणवून घ्या. आणि वहीत नाव एका पानावर, आकडे दुसऱ्या पानावर.

बालाघाटी
बीडला पाठवा म्हणताय, पण कधी? शिबिरं डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा आमच्याकडे निम्म्या घरांना कुलूप असतं ताई. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्या गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. घरात म्हातारा, म्हातारी आणि शाळेसाठी मागे ठेवलेलं एखादं लेकरू. तुमची मुलं त्यांना विचारणार "उत्पन्न किती?", म्हातारी म्हणणार "पोराला माहीत".

आणि कागदावर आमची माणसं बसतच नाहीत. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, म्हणजे व्यवहारात नवऱ्याच्या हातात. पुढे मजुरी टनावर, ती उचलीतून वळती. आता तुमच्या प्रश्नावलीत 'व्यक्तीचं दैनंदिन वेतन' असा रकाना आहे. त्यात बाईच्या नावापुढे काय लिहाल? माझी आई तेवीस वर्षं अर्धा कोयता होती. तिची मजुरी कुठल्या आकड्यात आहे ते कुणी मला दाखवावं.

फिरस्ती
बालाघाटी, याला माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही कुलूप असलेल्या घरापुढे 'बंद' लिहून शेजारचं घर घेत असू. नियमच तसा होता.

खडूस
हे वाचून गप्प बसलो. नोंद घ्यावी.

नैरोबीची_नीमा
बालाघाटी, टोळ्या जातात कुठे?

बालाघाटी
पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. आमच्या गावच्या निम्म्या तर सोलापूर जिल्ह्यातच. मोहोळकर सरांच्या आसपासच्या कारखान्यांवर. तळावर कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालून राहतात.

मोहोळकर
बालाघाटी, तुमचं हे वाचून उठून दोन फेऱ्या मारून आलो.

आमच्या कॉलेजच्या मागच्या रस्त्याने रोज पहाटे त्यांच्या बैलगाड्या जातात. आमच्या दत्तक गावाच्या शिवेवरच तळ आहे. आम्ही गाव मोजलं तरी त्यांना मोजणार नव्हतो, कारण ते 'गावचे' नाहीत. बीडचं कॉलेज मोजेल तेव्हा ते 'बंद'. दोन्ही पाहण्या अगदी नियमानुसार होतील आणि ही माणसं दोन्हींतून निसटतील.

म्हणजे शिरापूरच्या लाजेची ही दुसरी आवृत्ती झाली.

सरांना काय लिहायचं ते आता दिसतंय. जाळं नकाशावर आधी आखून मग संस्था जोडायच्या, हा क्रम मला पटेनासा झालाय. माणसं ज्या वाटेने जातात त्या वाटेवरची दोन टोकं जोडायची. पहिली गाठ: बीडचं एक कॉलेज आणि आमचं. घराची यादी, चुली, मागे राहिलेली माणसं त्यांच्याकडे. तळावरची पाहणी आमच्याकडे. त्याच आठवड्यात. दोन्ही अर्धे कागद जोडल्यावर एक कुटुंब पुरं होतं, तोवर ते कुणाकडेच पुरं नाही. तसंच पालघरकडचं एखादं कॉलेज आणि भिवंडीकडचं, वीटभट्ट्यांसाठी. बिहारची माणसं पुण्याच्या बांधकामांवर आहेत, तिथे 'राष्ट्रीय' हा शब्द आपोआप येतो.

विदावेडींची खुली आज्ञावली, नीमाताईंची अर्धवट कामाची बैठक, आणि खडूस यांची अट की फॉर्म भरणाऱ्या कॉलेजाचा आकड्यांवर बरोबरीचा हक्क. हे सगळं दुसऱ्या पानावर घेतो.

साक्षेपी
राष्ट्रीय जाळं मागितलं होतं, तुम्ही दोन कॉलेजं देताय. ज्येष्ठ सर नाराज होतील. मला विचाराल तर दोन थोडी आहेत, निदान पाच जोड्या तरी लिहा.

मोहोळकर
पाच लिहून एकही न होण्याची मला सवय आहे. दोनच लिहितो.

प्रयोगशील
नमुना पुरेसा मोठा नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

खडूस
नोंदवलं. प्रिंटर सापडला का?

बालाघाटी
सर, आमच्या इथल्या कॉलेजात अर्थशास्त्राला एक मॅडम आहेत, तासिका तत्त्वावर. मी बोलतो त्यांच्याशी. मानधन वेळेवर येत नाही त्यांचं, तेव्हा फुकटची हौस म्हणून गळ्यात मारू नका.

तळावर जाणार असाल तर दुपारी जाऊ नका, सगळे फडात असतात. संध्याकाळी सातनंतर, चुली पेटल्यावर. आणि बाईशी वेगळं बोला. मुकादम शेजारी बसला तर उठवणं कठीण, म्हणून एका पोराला त्याच्याशी क्रिकेटवर बोलायला आधीच नेमून ठेवा.

चहाबाज
त्या जागेसाठी मी अर्ज करतो. अनुभव भरपूर.

विदावेडी
एक तांत्रिक गोष्ट, आत्ताच ठरवा, नंतर फार रडावं लागतं. तळावर कोपीला नवा क्रमांक देऊ नका. गावाकडच्या बंद घराचा जो क्रमांक असेल तोच इकडे लिहा. आणि प्रश्नावलीत कोयत्याचा रकाना मी करते. एका कोयत्याखाली दोन ओळी, उचल कोणाच्या हातात दिली, आणि फडात कोण किती तास. बालाघाटी, रविवारपर्यंत कच्चा कागद इथे टाकते, तुमच्या आईंना दाखवून चुका काढाल का?

बालाघाटी
दाखवतो. ती चुका काढण्यात तरबेज आहे.